दुसरा माणूस: नुसतं बघत न राहता बाईच्या मदतीला कसं जायचं

२७ जून २०२३. पुण्यातली सदाशिव पेठ, सकाळची वेळ. एक तरुण हातात कोयता घेऊन एका मुलीच्या मागे धावत होता. रस्त्यावर माणसं होती. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा लेशपाल जवळगे पुढे झाला, त्याने हल्लेखोराला अडवलं, आणि मग बाकीचे धावले. मुलगी वाचली. वर्षभराने, १८ जून २०२४ रोजी, वसईत भर रस्त्यात एका तरुणीला तिच्या ओळखीच्याच माणसाने लोखंडी पान्याने मारून टाकलं. तिथेही माणसं होती. एकाने अडवायचा प्रयत्न केला, पण तो एकटा पडला. बाकीचे उभे राहिले, काहींनी मोबाइल वर धरले.

या दोन बातम्या शेजारी ठेवल्या की लोक म्हणतात, पुण्यात एक शूर निघाला, वसईत कुणी निघाला नाही. मला हे पटत नाही. वसईतही पहिला माणूस निघालाच होता. आला नाही तो दुसरा.

हा लेख त्या दुसऱ्या माणसासाठी आहे. ज्याला कराटे येत नाही, ज्याला पोलीस ठाण्याची पायरी चढायची भीती वाटते, ज्याची लोकल सुटत असते आणि तरी ज्याच्या पोटात कालवतं, त्याच्यासाठी. आणि तिच्यासाठीही, कारण बसमध्ये, डब्यात, चाळीत बाईला बाईचीच सोबत आधी मिळते.

पाय का हलत नाहीत

हे आधी समजून घ्या, म्हणजे स्वतःवर चिडण्यात वेळ जाणार नाही. जॉन डार्ली आणि बिब लाताने या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांचा १९६८ साली छापून आलेला एक प्रयोग प्रसिद्ध आहे. विद्यार्थ्यांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवून इंटरकॉमवर बोलायला लावलं. बोलता बोलता एकाला फिट आल्याचं ऐकू येत होतं. तो अर्थातच अभिनय होता. हे ऐकणारे आपण एकटेच आहोत असं ज्यांना वाटत होतं, त्यांच्यापैकी ८५ टक्के मदतीला उठले. आपल्यासोबत आणखी चौघं ऐकतायत असं ज्यांना वाटत होतं, त्यांच्यापैकी फक्त ३१ टक्के. जे उठले नाहीत ते निर्ढावलेले होते असंही नाही. त्यांच्या हाताला घाम सुटला होता, कापरं भरलं होतं. ठरत नव्हतं, एवढंच.

आपल्याकडे या न ठरण्याला तयार वाक्यं आहेत. ‘त्यांचं त्यांना माहीत.’ ‘नवराबायकोचं भांडण आहे, उद्या एकत्र येतील नि आपण वाईट ठरू.’ ‘नंतर कोर्टाच्या चकरा कोण मारणार?’ या वाक्यांशी वाद घालत बसू नका. त्या वेळी करायचं काम इतकं छोटं करून ठेवा, की ठरवावं लागणारच नाही.

आजच करून ठेवायची तयारी

पाच मिनिटांचं काम आहे. फोनमध्ये हे नंबर साठवा: कुठल्याही संकटात ११२, महिलांसाठी १८१, रेल्वेत १३९, लहान मूल अडचणीत असेल तर १०९८. मुंबईत लोकलने फिरत असाल तर लोहमार्ग पोलिसांचा १५१२ आणि मुंबई पोलिसांचा १०३ हेही ठेवा. मग फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन ‘एसओएस’ कसा लागतो ते एकदा बघून घ्या. प्रत्येक कंपनीची तऱ्हा वेगळी असते, आणि गडबडीत ती शोधता येत नाही.

एक हाताची खूणही लक्षात ठेवा. तळवा समोर, अंगठा आत दुमडायचा, त्यावर चार बोटं मिटायची. २०२० मध्ये लॉकडाउनच्या काळात कॅनडातल्या एका महिला संस्थेने ती काढली. व्हिडिओ कॉलवर, बाजूला नवरा बसलेला असताना, न बोलता ‘मला मदत हवी’ सांगता यावं म्हणून. कुणी तुम्हाला ती केली तर ‘हे काय करतेस?’ असं मोठ्याने विचारू नका. हो-नाही एवढंच उत्तर देता येईल असे प्रश्न विचारा.

बसमध्ये, डब्यात: त्याच्याकडे नाही, तिच्याकडे बघा

बहुतेकांना वाटतं, मदत म्हणजे त्याची कॉलर धरणं. नवख्याने इथून सुरुवात करू नये. एसटीत कुणी तरी मुलीच्या अंगाला अंग घासतोय, ती खिडकीकडे सरकत चालली आहे, असं दिसलं तर त्याला पूर्ण विसरा आणि तिच्याशी बोला.

‘अगं, तू इथे कशी? आई बरी आहे ना?’

ती तुमच्या ओळखीची नसली तरी चालतं. दहापैकी नऊ मुलींना काय चाललंय ते एका क्षणात कळतं. किंवा, ‘ताई, इकडे या, इथे जागा आहे.’ किंवा नुसतं तिच्या आणि त्याच्या मधे जाऊन उभं राहा, बॅग मधे ठेवा, ‘पुढचा स्टॉप कुठला हो?’ असं त्यालाच विचारा. ज्या शांततेच्या आडोशाने तो हे करत असतो, ती मोडली की बहुतेक वेळा त्याचा हात मागे येतो. यात तुम्ही कुणावर आरोप केलेला नसतो, त्यामुळे तुमचा अंदाज चुकला तरी बिघडत नाही. फार फार तर ती म्हणेल, ‘मी तुम्हाला ओळखत नाही.’ ‘माफ करा, चुकलो’ म्हणायचं.

पुरुष असाल तर एक गोष्ट जपा. तिला खेचू नका, खांद्यावर हात टाकू नका. आधीच एका अनोळखी पुरुषाने तिला छळलंय, त्यात दुसरा नको. शेजारी एखादी काकू बसली असेल तर तिलाच सांगा, ‘काकू, त्या मुलीला जरा तुमच्याजवळ बोलवा.’

हे पुरलं नाही तर दुसरी पायरी: माणसं जोडा. इथे लोक चुकतात. ‘अरे, कुणीतरी काहीतरी करा!’ हे ओरडणं वाया जातं, कारण ‘कुणीतरी’ नावाचा माणूस डब्यात नसतो. एकेकाला बोट दाखवून काम द्या. ‘निळा शर्ट, तुम्ही ११२ लावा. दादा, तुम्ही माझ्याबरोबर इथे उभे राहा.’ एसटीत कंडक्टरला हाताशी धरा: ‘मास्तर, गाडी पोलीस स्टेशनला घ्या.’ आपल्याकडे हे नवं नाही, पाकीट मारलं की अख्खी बस ठाण्यात नेतात. मुलीच्या अंगाला हात लावणं पाकिटापेक्षा हलकं कसं?

लोकलमध्ये साखळी ओढायची घाई मी करणार नाही. संकटात साखळी ओढणं गुन्हा नाही, पण दोन स्टेशनांच्या मधे थांबलेल्या गाडीत मदत लवकर पोचत नाही. पुढचं स्टेशन चार-पाच मिनिटांवर असेल तर त्या वेळात १५१२ लावून गाडी, डब्याचा नंबर आणि येणारं स्टेशन सांगा. जीवावर बेतलं असेल तर गोष्ट वेगळी.

तोंड उघडायचंच असेल तर

समोरून बोलावं लागतंच कधीकधी. तेव्हा वाक्य आखूड ठेवा, शिवी नको, घरच्यांचा उद्धार नको. ‘हात मागे घ्या.’ ‘त्यांनी नाही म्हटलंय.’ ‘बाजूला व्हा.’ आवाज मोठा, पण चढलेला नको. आणि मग लगेच तिच्याकडे वळा, वाद वाढवू नका.

याचं कारण फार महागात शिकून झालंय. २० ऑक्टोबर २०११ च्या रात्री अंधेरीतल्या आंबोलीत एका हॉटेलबाहेर कीनन सँटोस आणि रूबेन फर्नांडिस या तरुणांनी मैत्रिणींची छेड काढणाऱ्यांना अडवलं. बाचाबाची झाली, ते लोक गेले, आणि जास्त माणसं व हत्यारं घेऊन परत आले. दोघांचाही जीव गेला. २०१६ मध्ये चौघांना जन्मठेप झाली. त्या दोघांचं काही चुकलं नव्हतं. पण आपण यातून एक व्यवहाराची गोष्ट घेऊ शकतो: भांडण मिटलंय असं वाटलं, की त्याच क्षणी सगळ्यांनी ती जागा सोडायची आणि ११२ ला कळवायचं. ‘गेले ना ते, बसू या’ असं करायचं नाही.

हत्यार दिसलं तर एकट्याने अंगावर जाऊ नका. मागे सरका, आरडाओरडा करा, दुकानदारांना हाका मारा, गाडीचा हॉर्न दाबून धरा, ११२ लावा. मुलीला पळायला वाट मिळेल अशी जागा करा: दुकानाचं शटर, सोसायटीचं गेट, उभी रिक्षा. आणि कुणी आधीच पुढे गेला असेल तर त्याला एकटा सोडू नका. चार जण एकदम सरकले की हल्लेखोराचं गणित बदलतं. स्वतःच्या जिवाच्या बचावाचा हक्क भारतीय न्याय संहितेने दुसऱ्याच्या जिवासाठीही दिला आहे, कलम ३५ मध्ये. मात्र तो बचावापुरता. माणूस हाती लागल्यावर त्याला बांधून तुडवणं हा बचाव नाही, तो गुन्हा आहे, आणि त्या गोंधळात बिचारी मुलगी रस्त्यावर तशीच उभी असते. मी हे पाहिलंय. वीस जण ‘धुलाई’ करत होते आणि तिला पाणी विचारायला एकही नव्हता.

११२ ला काय सांगायचं

आधी जागा, मग गोष्ट. घाबरलेला माणूस उलटं करतो. ‘नाशिक रोड, बस स्टँडबाहेर, रिक्षा थांब्यासमोर. एक माणूस बाईला मारतोय. हातात रॉड आहे. लाल टी-शर्ट. मी इथेच उभा आहे.’ एवढं पुरे. फोन लगेच ठेवू नका, पलीकडून विचारतील. आणि ‘कुणीतरी केलाच असेल फोन’ असं धरून चालू नका. दोन फोन गेले तर काही बिघडत नाही.

मोबाइल काढावा की नाही

काढावा, पण तिसऱ्या नंबरवर. आधी तिच्याजवळ कुणी आहे का, मग पोलिसांना फोन गेला का, आणि ही दोन्ही कामं दुसरं कुणी करत असेल तरच चित्रण. अंतर राखून, फोन आडवा धरून, जागेची खूण येईल असं. दुकानाची पाटी, बसचा नंबर, घड्याळ. तारीख-वेळ तोंडाने बोला.

आणि तो व्हिडिओ तिचा आहे, तुमचा नाही. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर, इन्स्टाग्रामवर टाकायचा नाही. तिला विचारा, हवा असेल तर तिला द्या, पोलिसांनी मागितला तर त्यांना द्या. बलात्काराच्या प्रकरणात पीडितेची ओळख उघड करणं हाच गुन्हा आहे, भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली दोन वर्षांपर्यंत कैद. ‘जनजागृतीसाठी शेअर केला’ हे उत्तर तिथे चालत नाही.

काही करता आलं नाही तर

होतं असं. गाडी सुटते, जीभ टाळ्याला चिकटते, सगळं अर्ध्या मिनिटात संपतं. तरीही एक काम उरतं. तिच्याजवळ जा. ‘मी पाहिलं. तुमची चूक नव्हती. कुणाला फोन करू का? स्टेशनपर्यंत सोबत येऊ?’

‘मी पाहिलं’ हे दोन शब्द साधे वाटतात. ज्या बाईला घरी जाऊन ‘तूच काहीतरी केलं असशील’ ऐकावं लागणार असतं, तिला कुणीतरी पाहिलं होतं याचा फार आधार होतो. आपला नंबर द्या आणि सांगा, साक्ष लागली तर येईन. तिला तक्रार करायची नसेल तर आग्रह धरू नका. तो निर्णय तिचा. (लहान मूल असेल तर मात्र हा नियम लागू नाही. पॉक्सो कायद्याखाली मुलावरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे.)

तिला ठाण्यात जायचं असेल तर सोबत जा. ‘आमच्या हद्दीत येत नाही’ असं ऐकायला मिळालं तर शांतपणे ‘झिरो एफआयआर’ म्हणा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कुठेही घडलेला असो, माहिती नोंदवून घ्यावीच लागते, आणि तक्रारीची प्रत फुकट मिळते. लैंगिक गुन्ह्यात बाईची तक्रार महिला अधिकाऱ्याने लिहून घ्यायची असते. साक्षीदार बाई असेल तर तिला जबाबासाठी ठाण्यात बोलावता येत नाही, तिच्या राहत्या घरी यावं लागतं. हे कलम १७९. पुष्कळ बायका केवळ या भीतीने साक्षीला पुढे येत नाहीत, म्हणून सांगून ठेवतो.

भिंतीपलीकडचा आवाज

आता सगळ्यात अवघड. रस्त्यावरचा गुंड अनोळखी असतो. शेजारचा नवरा गणपतीत वर्गणी मागायला आपल्याच दारात येतो.

आम्ही चाळीत राहायचो तेव्हा पलीकडच्या खोलीतून आवाज यायला लागला की आमच्याकडे रेडिओ मोठा व्हायचा. कुणी कुणाला सांगायचं नाही, हात आपोआप बटणाकडे जायचा. दुसऱ्या दिवशी नळावर त्या काकू डोक्यावरून पदर ओढून यायच्या आणि सगळ्या बायका पाण्याच्या दाबाबद्दल बोलायच्या. आम्ही मुलं हे बघून शिकलो, की असं करायचं असतं.

२००८ मध्ये ‘ब्रेकथ्रू’ या संस्थेने ‘बेल बजाओ’ नावाची मोहीम काढली. कल्पना इतकी सोपी की हसू यावं: शेजारून मारझोडीचा आवाज आला की जाऊन बेल वाजवायची. कसलं तरी निमित्त करायचं, दोन मिनिटं दारात थांबायचं. उपदेश नाही, जाब नाही. आत कळतं, की बाहेर ऐकू जातंय.

आपल्याकडे निमित्तांना तोटा नाही. ‘वाटीभर साखर आहे का?’ ‘तुमच्याकडे लाइट आहे का? आमचा फ्यूज गेलाय.’ ‘मुलाचा बॉल तुमच्या बाल्कनीत आलाय.’ एकटं जाऊ नका, समोरच्या बिऱ्हाडातलं कुणी घेऊन जा. दारू प्यालेला असेल, हत्यार असेल, किंवा बाई ‘वाचवा’ ओरडत असेल, तर साखर वगैरे काही नाही: थेट ११२, आणि वॉचमनला हाक.

‘मी फोन केला हे कळलं तर?’ ही भीती खरी आहे. फोनवर सांगा की माझं नाव पुढे येऊ देऊ नका. पण कायदाही तुमच्या बाजूचा आहे. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ मधलं कलम ४ वाचून ठेवा: अशी हिंसा झाली आहे, होते आहे किंवा होईल असं मानायला कारण असलेली कोणतीही व्यक्ती संरक्षण अधिकाऱ्याला (या कायद्याखाली नेमलेल्या अधिकाऱ्याला) कळवू शकते, आणि सद्‌भावनेने दिलेल्या माहितीसाठी तिच्यावर दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होत नाही. हा कायदा फक्त बायकोपुरता नाही. एकाच घरात राहणारी आई, बहीण, मुलगी, लग्नाविना सोबत राहणारी जोडीदार, सगळ्या त्यात येतात. आणि हिंसा म्हणजे फक्त मार नव्हे. पगार काढून घेणं, माहेरी बोलू न देणं, घरातून काढायच्या धमक्या देणं, हेही त्यात आहे.

दुसऱ्या दिवशीचं काम रात्रीच्या बेलपेक्षा महत्त्वाचं. तो कामावर गेल्यावर, ती एकटी असताना, निवांत बोला. ‘सोडून का देत नाहीस?’ हे विचारू नका. पोरं, पैसा, माहेर, भाड्याचं घर, ही सगळी उत्तरं तिने हजारदा मोजलेली असतात. विचारा: ‘तुला काय करावंसं वाटतंय? मी काय करू?’ नवऱ्याला समजावायला त्याच्याच मित्राला पाठवू नका. तो तुमच्याकडून काय ऐकलं ते सांगेल आणि मार तिला बसेल.

मग पत्ते द्या. पोलिसांच्या बरोबरीने चालणारा महिला व मुलांसाठीचा विशेष कक्ष, जो १९८४ मध्ये मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने सुरू केला. सरकारी सखी केंद्र, जिथे दवाखाना, वकील आणि चार दिवस राहायची सोय एका जागी असते. मुंबईत महापालिकेच्या रुग्णालयांमधलं ‘दिलासा’ केंद्र. पहिलं २००० मध्ये वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात सुरू झालं. दिलासाचा मला आवडणारा गुण असा, की तिथे जाताना बाईला घरी खोटं बोलावं लागत नाही. ‘दवाखान्यात जाऊन येते’ म्हटलं की झालं. गावात असाल तर अंगणवाडी सेविका किंवा आशाताई. तिला घरोघरी जायला निमित्त लागत नाही.

आपल्याच कट्ट्यावर

बसमधल्या अनोळखी माणसाला अडवणं सोपं, मित्राला अवघड. पोरगी ब्लॉक करते आणि हा नव्या नंबरवरून मेसेज टाकतो, तिच्या ऑफिसबाहेर थांबतो, आणि ग्रुपमध्ये सांगताना सगळे हसतात. याला पाठलाग म्हणतात, भारतीय न्याय संहितेचं कलम ७८, पहिल्या गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद. इथेही तेच. एकाने ‘पुरे आता’ म्हटलं की तो ‘लेक्चर नको’ म्हणून उडवून लावतो. दुसऱ्याने ‘बरोबर बोलतोय तो’ म्हटलं की उडवणं जमत नाही. पुरुषांनी पुरुषांशी हे बोलावं म्हणून मुंबईत १९९३ पासून ‘मावा’ ही संघटना काम करते आहे. तुमच्या कॉलेजात, मंडळात असं काही करायचं असेल तर त्यांच्याशी बोला.

एक इशारा, कारण मदतीच्या नावाखाली हे फार चालतं. बागेत बसलेल्या जोडप्याला हटकणं, वेगळ्या जातीधर्माचे दिसतात म्हणून नावं विचारणं, मुलीच्या बापाला फोन लावणं, ही मदत नाही. ती स्वतः अडचणीत आहे का, हा एकच प्रश्न, आणि उत्तर तिच्याकडून घ्यायचं.

दार तोंडावर बंद झालं तर

शेजारची ताई म्हणेल, ‘काही नाही हो, दारावर आपटले.’ पोलीस आले तर ती त्यांना परत पाठवेल. पुढच्या महिन्यात दोघं जोडीने सत्यनारायणाला बसतील आणि तुम्हाला तीर्थ देतील. राग येईल. पण जाणं-येणं तोडू नका, कारण त्याला तेच हवं असतं: तिला कुणी उरू नये.

तीर्थ घ्या. तिचा फोन मागा, आपला नंबर त्यात ‘गॅसवाले’ नावाने साठवून द्या, आणि सांगा, की रात्री कितीही वाजता या नंबरवर नुसता मिस्ड कॉल आला तरी मी साखर मागायला येईन.